मामाची साडी आणि साडेबारा हजार किलोमीटर

इंटरनेटवर एक पान आहे. त्यात दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती, हे दोन्ही दाखवतं. मी एका बाजूला मुंबई टाकलं, दुसऱ्या बाजूला टोरोंटो. साडेबारा हजार किलोमीटर, म्हणे. वेळ साधारण पंधरा-साडेपंधरा तास. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या थोरल्या बहिणीला म्हटलं, "अक्का, एवढंच? मला वाटलं दोन दिवस लागत असतील. हा तर असा येईल!" आणि चुटकी वाजवली.

हा म्हणजे माझा मेहुणा. माझ्या बायकोचा धाकटा, एकुलता एक भाऊ. तिथे पाव बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. आणि त्याला यायचं होतं माझ्या मुलीच्या लग्नाला.

माझी बायको जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या माहेरचं म्हणावं असं माणूस हा एकटाच उरला होता. शेवटच्या आजारात ती त्याच्याशी रोज फोनवर बोलायची आणि रोज एकच सांगायची, "मी नसले तरी पोरीच्या लग्नात तू हवास. तिच्या पाठीशी तू उभा राहा." लग्नात मंगलाष्टकं चालतात तेव्हा नवरीच्या मागे मामा उभा असतो, एवढाच त्या सांगण्याचा अर्थ, पण पोरीने तो मनात गाठ मारून ठेवला होता. लग्न ठरलं त्या दिवशीच तिने सांगून टाकलं, "पप्पा, मामा येईल तेव्हाच मी बोहल्यावर चढेन. नाही आला तर नाही." मी म्हटलं, "येईल गं बाई, तू आधीपासून कशाला धरणं धरून बसतेस!" पण मलाही तेच हवं होतं. आईविना पोरीचं लग्न लावायचं म्हणजे आधीच बापाचा जीव अर्धा होतो.

आता अक्काचं ऐका. ही माझ्याहून मोठी, वसईच्या आमच्या वाडीतल्या सगळ्या लग्नांची मुखत्यार. गौरीहराला बसताना नवरीने मामाने दिलेली पिवळी साडी नेसायची, हा रिवाज. मेहुण्याने फोनवर सांगितलं, "अक्का, तिथेच दादरला चांगलीशी घ्या, माझ्याकडून." सरळ गोष्ट. आम्ही गेलो, लाल काठाची सुरेख साडी घेतली. घरी आल्यावर अक्काने साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पण ही तर आपल्या घरून निघाली. मामाची साडी मामाच्या घरून यायला पाहिजे. त्याच्या उंबऱ्यावरून."

"अगं, त्याचा उंबरा टोरोंटोला आहे!"

"मग तिथून येऊ दे."

मी डोक्याला हात लावला. भांडलो, आवाज चढवला, "उद्या म्हणशील, तांदूळही तिकडून मागव." अक्का काही हटली नाही. शेवटी ती साडी कुरिअरने टोरोंटोला गेली. मेहुण्याने ती देवापुढे ठेवली, आपल्या बायकोकडून हळदकुंकू लावून घेतलं, आणि फोटो पाठवला. आमच्या घराण्यात परदेश पाहिला तो सगळ्यात आधी त्या साडीने. आता ती मामाबरोबर परत यायची होती.

मुहूर्त तीन निघाले होते. त्यातला रविवारचा गोरज मुहूर्त मी धरला, म्हणजे सूर्य मावळतानाचा. यातला हिशोब माझाच. मी जन्मभर फुलं केली. सोनचाफा, कागडा. फुलाच्या धंद्यात हिशोब उलटा चालतो. दादरच्या बाजारात माल किती वाजता पोचला पाहिजे, तिथून मागे मोजत यायचं आणि खुडायला कधी उतरायचं ते ठरवायचं. तशीच मी मेहुण्याची खुडणी ठरवली. त्याला सुटी शुक्रवारपासून. शुक्रवारी संध्याकाळी निघाला, तिथलं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे, वर ते पंधरा-साडेपंधरा तास, म्हणजे शनिवारी रात्री उतरला. रविवारी सकाळी मस्त चहापोहे, दुपारी डुलकी, संध्याकाळी लग्न. बोला!

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. ते पान सांगत होतं सरळ रेघ, आणि विमान सरळ रेघेत येतच नव्हतं. तिकीट निघालं ते आखातातल्या एका शहरात उतरून, तिथे ताटकळून, दुसऱ्या विमानात बसून. म्हणजे शनिवार रात्रीची झाली रविवार पहाट. तरी म्हटलं, ठीक आहे, चहापोहे नाहीत तर नाहीत.

मुहूर्ताबद्दल मला धास्ती होती ती विहीणबाईंची. जावयाचं घर जवळच्याच तुळिंजचं, मंडळी मूळची कोकणातली. विहीणबाई शिवणकामाचे वर्ग चालवतात. बाई सरळ, पण बोलणं कात्रीसारखं. बैठकीत त्यांनी एकच अट घातली होती. "आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त मुहूर्त चुकता कामा नये. आमच्याकडे आजवर एकही लग्न मुहूर्त सोडून लागलेलं नाही." मी छाती पुढे काढून सांगितलं, "विहीणबाई, मी फुलवाला आहे. वेळ आमच्या रक्तात आहे." पुढे हे वाक्य मला फार दिवस टोचलं.

शनिवारी सकाळी आमच्या अंगणात मांडव घालून झाला होता आणि हळदीची गडबड चालली होती, तेव्हा मेहुण्याचा फोन आला. तो अजून टोरोंटोच्या विमानतळावरच होता. बाहेर बर्फाचं वादळ. विमानं जागच्या जागी. हा रात्रपाळी करून तसाच घरी जाऊन, बॅग घेऊन विमानतळावर आला होता, डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"दाजी, उशीर होणार. पुढचं विमानही चुकणार बहुतेक."

"मग?"

"मग त्याच्या पुढचं. पण मी येतो. काहीही झालं तरी येतो."

मी फोन ठेवला. पोरीला सांगायचं कसं? अक्का म्हणाली, सांगूच नकोस. मी सांगितलं. ती अंगाला हळद लावून बसली होती, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण निघणार ना?" मी म्हटलं, "निघणार." "मग येईल," म्हणाली आणि पाय पुढे केले, हळद लावा म्हणून.

रविवारी दुपार उलटल्यावर मेहुणा मुंबईला उतरला. त्याला आणायला माझा मित्र मास्तर आपली गाडी घेऊन गेला होता. मास्तर शेजारच्या ख्रिस्ती गावातला, शाळेतून निवृत्त झालेला. आमची मैत्री लहानपणापासूनची. त्या दिवशी सकाळची मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, झाली तसा तो चर्चमधून थेट विमानतळावर गेला आणि विमान येईपर्यंत तिथे बसून राहिला. मी त्याला म्हटलं होतं, भाड्याची गाडी पाठवू. तर म्हणाला, "भाड्याच्या गाडीवाल्याला माहीत आहे का, आत कोण बसलंय ते?"

तर मास्तरचा फोन आला, "मिळाला रे तुझा मेहुणा. निघालो." मांडवात आनंदीआनंद. अक्काने देवापुढे साखर ठेवली. विमानतळ ते वसई, अंतर किती? पन्नास-साठ किलोमीटर. साडेबारा हजारांपुढे ते काय! मी पाहुण्यांचं स्वागत करत हिंडू लागलो, जो भेटेल त्याला सांगत सुटलो, "मामा उतरला, मामा उतरला."

आणि मग हायवे तुंबला. रविवारची संध्याकाळ, लग्नसराई, घोडबंदरच्या अलीकडे कुठेतरी एक ट्रक आडवा झालेला. मास्तरचा दुसरा फोन आला तेव्हा मागे नुसते हॉर्न ऐकू येत होते. "गाडी इंचभर हलत नाही. मी जमेल तसा वळून भाईंदरला घुसतो. रो-रोने खाडी ओलांडतो." रो-रो म्हणजे गाड्या वाहून नेणारी मोठी फेरीबोट. भाईंदरहून निघते आणि इकडे वसईच्या किल्ल्याजवळ, पाचूबंदरच्या बाजूला लागते. खाडी म्हणाल तर एवढीशी. पण बोट मिळाली पाहिजे, तीत जागा मिळाली पाहिजे.

इकडे वरात दारात आली. नवरदेवाला ओवाळलं, आत घेतलं. सूर्य चिंचेच्या मागे गेला. पोर आत गौरीहरापुढे बसली होती, पण अंगावर साडी दुसरीच. मामाची पिवळी अजून मामाच्या बॅगेत. आणि गुरुजींनी माइक हातात घेतला.

"मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर आणावं."

कोणी हललं नाही.

"मुलीचे मामा!"

गुरुजी खाली वाकून मला म्हणाले, "गोरज थोडाच वेळ असतो, यजमान. चुलत मामा, मावसमामा, कोणीही चालतो. शास्त्राची आडकाठी नाही." अक्काने लगेच बायकोच्या एका लांबच्या चुलतभावाला पुढे ढकललं. तो बिचारा टोपी सावरत उठलासुद्धा. मी आत गेलो. पोरीने माझं तोंड पाहिलं आणि ओळखलं.

"पप्पा, कोणीही चालणार असतं, तर आई रोज फोन करून त्याला सांगत बसली असती का?"

मी तसाच बाहेर आलो. एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला विहीणबाई आणि त्यांची ती एकुलती एक अट. मनाशी ठरवलं, पाय धरावे लागले तरी धरायचे. बाईंपुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. बर्फ, चुकलेलं विमान, तुंबलेला हायवे, पोरीच्या आईचं बोलणं. माझा स्वभाव तापट. मला माफी मागता येत नाही, मागायला गेलो की भांडण होतं. त्यामुळे शेवटी आवाज चढलाच. "आता तुम्हाला रागवायचं असेल तर मला रागवा, पण माझी पोर मामाशिवाय उठणार नाही!"

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, पदर खोचला आणि तडक गुरुजींकडे गेल्या.

"गुरुजी, मुहूर्ताची अट कोणी घातली होती?"

"तुम्हीच, बाई."

"मग आम्हीच सोडतो. मामा येईपर्यंत थांबायचं."

त्यांच्याकडचे एक काका उठले, "अहो वहिनी, आपल्या घराण्यात आजवर…" त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही बाईंनी. म्हणाल्या, "माझ्या लग्नात माझ्यामागे मामा नव्हता. कोणीतरी उभं केलं होतं, मला नावही माहीत नाही. पाठ कशी गार पडते तेव्हा, ते तुम्हाला नाही कळायचं. बसा खाली." काका बसले. गुरुजी म्हणाले, "दोन्ही पक्ष राजी असतील तर मला काय," आणि पंचांग मिटलं.

खरं सांगतो, मला रडू आलं. इतके महिने मी या बाईंची वाट चुकवत होतो, फोन आला की अक्काच्या हातात देत होतो. आणि त्यांनी आपल्या घराण्याचा नेम माझ्या पोरीसाठी असा सोडून दिला. मी हात जोडले तर म्हणाल्या, "हात कसले जोडताय, पाहुण्यांना सरबत द्या." बँडवाल्यांनी जुनी गाणी सुरू केली. ज्यांना शेवटची गाडी धरून लांब जायचं होतं तेही उठले नाहीत. एक पाहुणी नुसती म्हणाली, "लग्न बघायला आलोय ना, मग बघूनच जाऊ."

बोट मिळाली खरी, पण तीत काय झालं ते मला नंतर मास्तरने सांगितलं. बोटीत त्याची गाडी अगदी शेवटी अडकली होती. पुढच्या सगळ्या उतरल्याशिवाय ती निघणं शक्य नव्हतं. मास्तर शाळेतल्या आवाजात ओरडला, "मंडळी, हा मुलीचा मामा आहे, कॅनडाहून आलाय, मांडवात लग्न थांबलंय!" लोकांनी वाट द्यायला पाहिलं, पण गाडीवरून गाडी थोडीच उडवता येते? तेव्हा अगदी पुढे मोटरसायकल घेऊन उभा असलेला एक माणूस मागे आला. त्याला ना मास्तर ओळखत होता, ना मेहुणा. म्हणाला, "काका, माझ्या मागे बसा ना पटकन. सामान मागून येऊ दे." मेहुण्याने मोठी बॅग तिथेच सोडली, तिच्यातली साडीची पिशवी तेवढी काढून छातीशी धरली आणि बसला मागे. बोटीची फळी खाली टेकली तशी सगळ्यात पहिली ती मोटरसायकल वसईला उतरली.

मांडवाच्या दारात ती येऊन थांबली आणि मागून मेहुणा उतरला. गुडघ्यापर्यंत जाड कोट, पायात बर्फातले बूट, दाढी वाढलेली, डोळे लालभडक. आमच्याकडे हवा गरम, लोक पंखे हलवत बसलेले, आणि हा अस्वलासारखा. कोणीतरी हसलं आणि मग सगळा मांडवच हसायला लागला, टाळ्याही पडल्या. मी त्या मोटरसायकलवाल्याचा हात धरला, म्हटलं, जेवल्याशिवाय जायचं नाही. तर म्हणतो, "घरी वाट बघत असतील, काका. लग्न लागू द्या आधी." आणि गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही. वसई-विरारच्या रस्त्यावर मोटरसायकलवाल्यांना मी रोज शिव्या घालतो. हल्ली घालताना आधी एकदा तोंड बघून घेतो, न जाणो, तोच असायचा.

साडी आत गेली. पोर ती नेसून बाहेर आली ती मामाच्या हाताला धरून. मामाने कोट काढला होता, पण बूट तसेच, लोकरीचे मोजे वर आलेले. अक्काने एकदा बुटांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. तिची आई समोर असती तर जसं हसली असती, तशी हसत होती.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडे मंगलाष्टकं म्हणायची हौस दांडगी. अक्काने म्हटली, तिच्या जावेने म्हटली, नवऱ्याकडच्या एका आजींनी तर इतकी लांबवली की नवरदेव पाय बदलू लागला. आणि माझं लक्ष मेहुण्याकडे गेलं. पोरीच्या पाठीशी उभ्याउभ्या त्याचे डोळे मिटले होते. रात्रपाळी, वादळ, दोन विमानं, खाडी. सगळं एकदम अंगावर आलं होतं. तो आधी पुढे झुकला, मग मागे. आता पडतो की काय! मी अक्षता हातात धरून दुसऱ्या टोकाला, मधे सगळी गर्दी. मला पोचता येईना.

तेवढ्यात नवऱ्याच्या बाजूने विहीणबाई निघाल्या. मंगलाष्टकं चालू असताना, कोणाला काही न सांगता, अंतरपाटाला वळसा घालून इकडे आल्या आणि मेहुण्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. एका हाताने त्याचा कोपर घट्ट धरला. दुसऱ्या हाताने अक्षता टाकत राहिल्या. मेहुणा त्या हातावर रेलला आणि गाढ झोपला, उभ्याउभ्या. माझ्या पोरीच्या पाठीशी आता एक नाही, दोन माणसं होती.

शेवटचं सावधान झालं. अंतरपाट खाली आला, बँडवाल्याने एकदम ढोल बडवला. मेहुणा दचकून जागा झाला, इकडेतिकडे बघितलं आणि विमानात शेजाऱ्याला विचारावं तसं मोठ्याने विचारलं,

"पोचलो का?"

पोरीने हार हातात घेतला होता, तो तसाच धरून ती गर्रकन मागे वळली. विहीणबाईंनी त्याचा कोपर सोडला नव्हता. म्हणाल्या,

"पोचलात हो, मामा. अगदी वेळेवर."